ठुशी परत करताना

ठुशी खोटी निघाली, याचं संयोगिताला फारसं नवल वाटलं नाही. 'जुनी, अस्सल सोन्याची' असं वाचून तिनं ऑनलाइन लिलावात बोली लावली होती. गुजरीतल्या सराफानं एक मणी कसोटीवर घासला आणि मान हलवली. आत तांबं, वर सोन्याचं पाणी. भिशीचे साठ हजार त्यात गेले होते. ते तिला परत हवे होते.

कळंब्याच्या घरी बसून तिनं लिलाव कंपनीकडे तक्रार केली. उत्तर लगेच आलं. वस्तू गळ्यात घालून फोटो पाठवा. शनिवारी माणूस न्यायला येईल. वस्तू मिळाली नाही तर तक्रार बंद.

तिनं आरशासमोर ठुशी घातली, मागचा गोंडा ओढून गाठ सरकवली आणि फोटो पाठवला. मग काढायला गेली, तर गाठ हलेना.

"तेल लाव," नवरा दत्तप्रसाद म्हणाला.

तेल झालं, साबण झाला. शेवटी त्यानं कात्री घेतली. दोरा साधाच, लाल रेशमाचा. कात्रीच्या पात्याला खाच पडली. दोऱ्याचा पदरही तुटला नाही.

"खोट्या सोन्याला दोरा मात्र अस्सल लावलाय की!" तो हसला.

ती हसली नाही. गिळताना मणी टोचत होते.

शनिवारी सकाळी दोघं अंबादास पटवेकऱ्यांकडे गेले. दागिने गाठवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी तिची वेणी बाजूला केली, भिंग लावलं, गळ्याभोवती बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"गळ्यात कुणी गाठवली ही?"

"मीच. गाठ सरकवली, काका."

"गाठ कुठं हाय, बाई?"

तिनं मागे हात नेला. गोंडा नव्हता. मणी गळाभर सलग होते.

अंबादासांनी भिंग पेटीत ठेवलं. "पावणं," ते दत्तप्रसादला म्हणाले, "बाईंना घरी न्या. एकटं सोडू नका."

घरी पोचताच मोबाइल वाजला. तक्रार मान्य. साठ हजार जमा. वस्तू आता कंपनीच्या मालकीची.

तिनं कंपनीला फोन लावला. "ठुशी निघत नाही हो. थोडी मुदत द्या."

"काढू नका, मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "आहे तशीच नेतो आम्ही."

"मग पैसे परत घ्या. मी ठुशी ठेवते."

"आता नाही करता येत. व्यवहार पूर्ण झालाय."

दत्तप्रसादनं दाराला कडी घातली.

बेल वाजली.

"उद्या या!" तो आतूनच ओरडला.

"आजचीच तारीख हाय की, सायेब. थांबतो मी."

"उघडू नका," संयोगिता म्हणाली. ती गॅलरीत गेली.

खाली फाटकाशी टेम्पो उभा होता. मागची फळी उघडी होती.

आत एकही खोकं नव्हतं. गादी अंथरली होती, वर धुतलेली चादर, आणि उशाशी पाण्याची भरलेली बाटली.