तिसऱ्या वळणावर

झांबियातल्या तांब्याच्या खाणीतून दगड भरून वर येताना नालिशेबोचा अवजड डंपर तिसऱ्या वळणावर पुन्हा आपसूक थांबला. समोरच्या गाड्या दाखवणारा पडदा काळा. नेटवर्क तुटलं की ब्रेक आपोआप लागायचे, समोरून कोण येतंय ते कळत नाही म्हणून. चूक मात्र तिच्याच माथी. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, “आणखी एकदा थांबलीस, तर गाडीवरून उतरवीन.”

तेवढ्यात शिडी चढून धुळीनं माखलेला एक तरुण काचेपाशी आला.

“मी कपेम्ब्वा. नेटवर्क बघतो. तुम्ही कशाला हात लावलात?”

“लावला ना, कपाळाला!”

तो खुदकन हसला... आणि तिला उगाचच आपला डोक्याचा रुमाल नीट करावासा वाटला.

“बाकीचे डंपर इथून सुरळीत जातात,” तो म्हणाला. “मग तुमचाच का रुसतो?”

“तुम्हीच विचारा त्याला!”

तो शेजारी बसला. मांडीवर सिग्नल मोजायचं यंत्र, नजर त्यावर—म्हणजे बहुतेक वेळ त्यावरच. साहेबांनी तपासासाठी दोन दिवसांची मुदत दिली, आणि ते दोन्ही दिवस तो तिच्या फेऱ्यांना आला. तिच्या डब्यातल्या उकडलेल्या शेंगा फस्त केल्या. तिच्या बारोत्से या नदीकाठच्या सखल मुलखातला पूर, होड्या, आई... सगळं विचारून झालं.

“हे पण नेटवर्कसाठी?” तिनं विचारलं.

“नाही,” तो पुटपुटला. नजर झटकन यंत्रावर. मग घाईघाईनं, “रिकामी उतरताना कधी थांबते गाडी?”

नालिशेबोनं आठवून पाहिलं. “नाही... कधीच नाही! फक्त भरलेली असताना.”

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. कपेम्ब्वा टपावर चढला. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी अँटेना दुसऱ्या बाजूला, खाली बसवली होती; त्या वळणावर भरलेल्या दगडांचा ढीग अँटेना आणि नेटवर्कचा मनोरा यांच्या मध्ये येत होता.

त्यानं ती उंचावर बसवली. पुढच्या फेरीला तिसरं वळण आलं. नालिशेबोनं श्वास रोखला. पडदा उजळलेलाच राहिला. वळण मागे पडलं, तशी ती मोठ्यानं हसली.

रेडिओवर साहेब म्हणाले, “शाब्बास, नालिशेबो! गाडी तुझ्याकडेच राहील.”

वर पोचल्यावर गाडी थांबली. कपेम्ब्वानं यंत्र पिशवीत भरलं, दार उघडलं, पुन्हा लावलं.

“उद्या मला कित्वेच्या ऑफिसात परत जायचंय.”

“हं.”

“बस सकाळची आहे. म्हणजे... दुपारचीही असते.”

“आणि परवाची?”

त्यानं चमकून पाहिलं. ती समोर बघत होती, पण गालावरची खळी काही लपत नव्हती.

“परवा मला सुट्टी आहे,” ती म्हणाली. “बाजारात माशांचं कालवण छान मिळतं. तुम्ही...” ती अडखळली, आणि मग धीर करून म्हणाली, “तू थांबशील?”

कपेम्ब्वानं पिशवी खांद्यावरून काढून पायाशी ठेवली.

“थांबलो,” तो म्हणाला.