बाकावरची मोकळी जागा

स्टेशनाला खेटून उभी असलेली ती इमारत म्हणजे नुसतं काँक्रीट आणि काच. ठमी तिथे पहिल्या मजल्यावर नकाशे काढायची. चाळिशी उलटली तरी वडिलांसाठी ती ठमीच. आई गेल्यापासून त्यांना रिकामं घर खायला उठायचं, म्हणून संध्याकाळी ते फलाटावरच्या बाकावर येऊन बसत, लेकीबरोबर घरी जायला. आणि लेकीला रोज उशीर. साहेबांचं "जाता जाता एवढं बघा" म्हणजे मारुतीचं शेपूट.

उंचावरचा तो फलाट तिच्या खिडकीच्या अगदी समोर होता. अंधारून दिवे लागले, की काचेत तिचं प्रतिबिंब उमटे आणि नेमकं बाबांशेजारच्या मोकळ्या जागेवर बसलेलं दिसे. तिला गंमत वाटायची. मग ती फोन लावायची.

"बाबा, कंटाळलात? ही काय, तुमच्याशेजारीच बसलेय."

"बस बस," ते हसून म्हणायचे.

हळूहळू ते खरंच सरकून जागा करू लागले. रुमालाने बाक पुसू लागले. एकदा तिकडे वळून काहीतरी बोलत होते, थांबून ऐकतही होते. हल्ली ते विसरायचेही फार. उद्यापासून वेळेवर निघायचं, तिने ठरवलं. पण तो उद्या काही उजाडला नाही.

त्या संध्याकाळी गाडी फलाटाला लागली होती. साहेबांनी हाक मारली, तशी ठमी खुर्चीवरून उठली.

काचेतली उठली नाही.

ठमीने हात हलवून पाहिला. काचेतलीचे हात मांडीवरच होते. मग काचेतलीने एक हात बाबांच्या खांद्यावर ठेवला. दोघं उठली, गाडीत चढली.

ठमी जिने उतरत-चढत धावली. फलाटावर पोचली तेव्हा गाडी सुटली होती. बाक अजून उबदार होतं, दोन्ही बाजूंनी.

समोर प्रतीक्षालयाची काळी काच. तीत बाक दिसत होतं, दिवा दिसत होता. ती नव्हती.

तिने फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"गाडीत. कोण बोलतंय?"

"मी, बाबा. ठमी."

पलीकडे चाकांचा खडखडाट.

"तुमचा नंबर चुकलाय बाई," बाबा म्हणाले. किती खुशीत होते ते! "ठमी इथे बसलीय माझ्याजवळ. आज अगदी वेळेवर आली."