अवघड वळणावरचे निळे डबे

फेनाच्या निळ्या डब्याने वळणावर गचका खाल्ला, रूळ सोडला आणि थेट आयलर्टच्या चहाच्या कपात उडी घेतली.

“अगं बाई, बुडाला!”

“गाडीतला जेवणाचा डबा ना? मग चहा हवाच होता त्याला,” म्हणत आयलर्टने दोन बोटांनी तो अलगद बाहेर काढला.

जर्मनीतल्या लेर गावच्या क्रीडागृहात छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. बाहेर पाऊस लागून राहिलेला. फेना चष्म्याच्या दुकानात कामाला होती. हे चार डबे तिने स्वतः बनवून रंगवले होते; रूळ मात्र आयलर्टने मांडलेले. ज्या गाडीवर तिच्या वडिलांनी उभा जन्म तिकिटं तपासली, ती गाडी केव्हाच बंद झाली होती; हे डबे तिचीच नक्कल. आता त्यांची नजरही अधू होत चालली होती. उद्या ते यायचे होते... पुढच्या वर्षी त्यांना काही दिसेल की नाही, कोण जाणे.

“तुमचं वळण फार घट्ट आहे हो!” ती फणकारली.

“तुमचे डबे फार लांब आहेत.” त्याने डबा उलटा केला. “आणि हे बघा, डबे जोडणारं हे कपलिंग डब्याच्या पोटाला पक्कं ठोकलंय. वळणावर डब्याचं टोक बाहेर जातं आणि शेजारच्याला ओढून पाडतं. चाकांच्या चौकटीवर बसवा, म्हणजे चाकांबरोबर वळेल.”

“आणि गाडी मागे ढकलली की चाकंच उडतील! शिवाय मध्ये केवढी फट... बाबांची गाडी डब्याला डबा खेटून, बफरला बफर लावून चालायची.”

खरं तर बाहेरच्या रुळाचं वळण चांगलं ऐसपैस होतं. तिथली मालगाडी हलवली की काम फत्ते. आयलर्ट ते सांगणारही होता – पण फेनाने कपाळावरची ओली बट फुंकरीने उडवली, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“पोटाखाली आडवी खाच पाडू. कपलिंग त्यात डावी-उजवीकडे सरकेल, सरळ रुळावर बारीक स्प्रिंग त्याला मध्ये आणेल. पण... वेळ लागेल हं.”

“लागू दे की.”

चष्म्याचे इवलेसे स्क्रू तिच्याकडे होते, कानस त्याच्याकडे. दोघांची डोकी एकाच दिव्याखाली आली.

“श्वास रोखा, नाहीतर स्क्रू उडेल,” ती पुटपुटली.

“तुम्ही इतक्या जवळ असताना श्वास घेतोय कोण?”

ती लाजली. मग डोळे मोठे करून म्हणाली, “आधी स्क्रू पकड!”

त्या ‘पकड’ने आयलर्टच्या हातातला स्क्रू खरंच निसटला.

संध्याकाळी चारही डबे एकमेकांना खेटून वळणावरून सरसर गेले.

दुसऱ्या दिवशी वडील रुळाला नाक लावूनच बसले. निळी गाडी डोळ्यांसमोरून गेली, तसे ते गदगदून म्हणाले, “आमचीच गं ही!”

ते पाहून आयलर्टला राहवेना. त्याने फेनाला चहाच्या टेबलाकडे नेलं.

“एक सांगायचंय... बाहेरच्या रुळावरून तुझे डबे तसेच गेले असते. कपलिंगला हात लावायचीही गरज नव्हती.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर... तू लगेच गेली असतीस.”

फेनाने चहावर पसरणारी साय पाहिली, मग त्याच्याकडे.

“तो रूळ मला कालच दिसला होता.”

“काय? आणि तू गप्प!”

“गप्प कुठे? सगळे स्क्रू खिशात असून तुला एकेक करून देत बसले होते – वेड्या, ते काय उगाच?”

आयलर्ट कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“बाबा आता काही तिथून हलायचे नाहीत,” ती हळूच म्हणाली. “बंदरापर्यंत जाऊन येऊ या?”

“पाऊस आहे गं.”

“असू दे,” म्हणत तिने त्याचा हात धरला.