फुगडीतला मधला बिंदू

"मॅडम, तुमचा बॉल माह्या मांडीवर येऊन राह्यला."

चिखलीहून सुटलेली काळी-पिवळी जीप माणसांनी ठासून भरली होती. माझ्या हातातल्या काठीच्या एका टोकाला बांधलेला बास्केटबॉल शेजारच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसला होता. थोराड अंग, दाट मिशी, आणि डोळे… मिश्कील.

"बॉल नाही, सूर्य आहे तो," मी म्हटलं.

"अस्सं! तरीच म्हटलं, जानेवारीत इतकं गरम काऊन होऊन राह्यलं." त्यानं सूर्याला दोन्ही हातांनी जपून धरलं. "अन् पृथ्वी कुठी हाय?"

"पर्समध्ये."

पुढच्या सीटवरच्या आजी वळून बघायला लागल्या. मी खिडकीबाहेर पाहत हसू दाबलं. हरभऱ्याच्या शेतांवरून गार वारा येत होता.

बीबी गावात शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी चिखलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दोन गोल एकमेकांना ओढत कसे फिरतात, ते या काठीवर दाखवायचं होतं. पण गावाच्या अलीकडे जीप एका खड्ड्यात आदळली आणि काठीचे दोन तुकडे झाले. मी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले.

"सूर्य शाबूत हाय, मॅडम," तो हळूच म्हणाला.

तो प्रसेनजित. बीबीच्या गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर. प्रदर्शनात त्याचाही स्टॉल होता, गुरांच्या लसीकरणाचा. स्टॉलवर कोणी फिरकत नव्हतं, म्हणून माझ्याकडे येऊन उभा राहिला.

काठी नव्हती. मग मला फुगडी सुचली. अकरावीतल्या रेणुकाला पुढे बोलावलं, हात धरले, गरागरा फिरलो. मैदानातल्या मुरमावर दोघींच्या पावलांची सारखी वर्तुळं उमटली. "वजन सारखं, म्हणून आम्ही ज्याभोवती फिरलो तो बिंदू बरोबर मध्ये," मी सांगितलं. "आता एक जण जड असेल तर?"

पोरं ओरडली, "डॉक्टर! डॉक्टरले घ्या मॅडम!"

पोरींनी त्याला ढकलतच आणलं. त्यानं बाह्या सारल्या, हात पुढे केले, आणि… मी धरले. पहिला फेरा फसला. तो मागे झुकायलाच तयार नव्हता.

"अहो, झुका ना! नाहीतर फुगडी होतच नाही."

"तुम्ही पडसान."

"तुम्ही धरलंय ना? मग कशी पडेन?"

तो झुकला. मीही झुकले. शाळा, गर्दी, कडुलिंब, सगळं पुसट झालं. स्थिर होता तो फक्त त्याचा चेहरा, माझ्यासमोर. थांबलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि माझे हात अजून त्याच्याच हातात होते. मी घाईनं सोडवले.

"मी तं जाग्यावरच होतो," तो धापा टाकत म्हणाला. "फिरल्या तुम्हीच, माह्या भोवती."

"सगळ्यांना असंच वाटतं." मी खाली बोट दाखवलं. माझ्या पावलांचं मोठं वर्तुळ, आणि आत त्याच्या बुटांचं लहानसं. "तुम्हीही फिरलात, डॉक्टर. कोणी कोणाभोवती फिरत नसतं. दोघंही मधल्या एका बिंदूभोवती फिरतात. जडाच्या जवळ असतो तो, एवढंच."

त्यानं त्या लहान वर्तुळावर पुन्हा बूट ठेवून पाहिला.

पुढच्या आठवड्यात तो चिखलीला आमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा. खांद्याला लसीचा डबा.

"बर्फ घ्यायला आल्तो."

"बीबीत बर्फ मिळत नाही?"

"मिळते. पण थंडा नसते."

असा तो येत राहिला. कधी बर्फाला, कधी सुयांना, कधी काही कारण न शोधताच. आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घ्यायचो. तो म्हशींच्या गोष्टी सांगायचा, मी हसून हसून डोळे पुसायची. आणि घरी जाताना दर वेळी मनाशी म्हणायची… बस, आता सांगून टाकायचं.

एका दुपारी तो हरभऱ्याचा टहाळ घेऊन आला. घाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "अर्पिता, मले तुमच्यासोबत राहायचं हाय. लगन करून. तुमचं काय म्हननं हाय?"

मी हातातला घाटा खाली ठेवला.

"मला एक मुलगी आहे," मी म्हटलं. "मंजुश्री. चार वर्षांची. नवऱ्यापासून मी वेगळी झाले, कोर्टातून. आईकडे राहतो आम्ही."

त्यानं सोललेला दाणा तळहातावरच ठेवला.

"तिला माणसाचा लवकर लळा लागतो, डॉक्टर. अन् माणूस निघून गेलं की दाराशी बसून राहते. एकदा पाहिलं मी ते. दुसऱ्यांदा नाही पाहू शकत." मी माझ्या विषयाचा आधार घेतला. "दोन वस्तूंचं गणित सुटतं. कोणती कधी कुठं असेल, शंभर वर्षांपुढचंही सांगता येतं. पण तिसरी आली की… तसं सूत्रच नाही. मोठमोठ्यांना नाही सापडलं."

"सूत्र नाही, म्हनून त्या तिघी फिरायच्या थांबतात का?"

"नाही. फिरतात."

"मंग तुमचे गणितवाले काय करतात?"

"पुढच्या एका पावलाचं काढतात. तिथं पोचले की त्याच्या पुढच्या पावलाचं."

"हात्तिच्या!" त्याचा चेहरा उजळला. "आम्ही बी तेच करतो. मेलेल्या गाईचं वासरू दुसऱ्या गाईले लावतो, तवा ती त्याले घेईन का नाही, कोणी सांगू शकत नाही. आज सकाळी जवळ येऊ दिलं का? दिलं. मंग संध्याकाळी पाहू." तो थांबला. पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "जन्माचं वचन मी आज देतो, पण तुम्ही त्याच्यावर आज इश्वास ठेवू नका. मले येऊ द्या. रोज पाहा."

मी मान खाली घातली. टहाळाची हिरवी, आंबट ओल बोटांना लागली होती. मला रडू येत होतं आणि हसूही.

"रविवारी या," मी म्हटलं. "जेवायला. मंजू वांग्याची भाजी ताटाबाहेर काढून ठेवते, तिला रागवायचं नाही."

"मी बी काढून ठेवतो."

"फक्त रविवारचं सांगतेय मी."

"हाव. अन् सोमवारचं?"

"ते…" मी त्याच्या हातातला सोललेला दाणा घेऊन तोंडात टाकला. "ते रविवारी संध्याकाळी काढू."