डाव्या पायातला चंपत

उद्धवरावांचा डावा पाय वाचला.

पण ते विसरा. तसं काही झालंच नाही, असं गावानं मिळून ठरवलं आहे.

तरीही गोष्ट खरी आहे. बेज्जूरकडचा प्राणहितेचा घाट. साल १९८९, दिवाळीच्या तोंडावरची एक दुपार. हो, दुपारच. भुतांना रात्रीच सवड असते असं कुणी सांगितलं?

उद्धवरावांच्या नडगीच्या हाडात पू झाला होता. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, मग त्याहून जबर इंजेक्शनं झाली. शेवटी मंचेरियलचे डॉक्टर म्हणाले, "आपके जंतू अब दवाई से डरते नहीं. खा के मोटे हो रहे."

पाय कापायचा, नाहीतर एकच उपाय उरला होता. तोही डॉक्टरांनी आधी कुणावर केलेला नव्हता. सख्ख्या भावाच्या कमरेच्या हाडातला मगज काढायचा आणि पोखरलेल्या नडगीत भरायचा. त्यात म्हणे बियाण्यासारख्या पेशी असतात. रुजल्या तर जंतूंना हटवतात, हाडही भरतात.

धाकटा चंपत कापूस पेरणारा माणूस. बियाणं म्हटल्यावर त्याला लगेच पटलं.

"घ्या माह्यावालं. उगवण चांगली हाये."

उगवण झाली. जखम सुकली.

आणि पावसाळा सरताना कापसाच्या शेतात चंपतला साप चावला.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे आले. रांगेत बसले...

शिवेनात.

"बैल विकणार नाई," उद्धवराव म्हणाले.

कावळे जागचे हलेनात.

"तुह्या मालनला अंतर देणार नाई."

कावळ्यांनी माना वळवल्या... सगळ्यांनी, एकाच बाजूला.

उद्धवरावांच्या डाव्या पायाकडे.

विधी करणारे महाराज कंटाळले. ऊन डोक्यावर आलेलं. रिवाजाप्रमाणे त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवायला गेले. तो हातातून सुटला... आणि नदीपार उडून गेला.

वारा नव्हता.

"गवताचा बी शिवत नाई," महाराज म्हणाले. "आता काय मातीचा करू?"

उद्धवराव दमून दगडावर बसले. आधी दुखणं, मग भाऊ, आता कावळे. तेवढ्यात आवाज आला...

टक. टक. टक.

चंपत बसल्या जागी पायाचा अंगठा आपटायचा. तसाच.

अंगठा उद्धवरावांचा होता. आपटत ते नव्हते.

बायांमधून चंपतची बायको मालनबाई उठली. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, एक शब्द बोलली नव्हती. त्या घरचा रिवाजच तसा. आताही त्यांच्याशी बोललीच नाही. पदर पुढे ओढून नडगीसमोर बसली.

"काऊन अडून राह्यले जी?" ती पायाला म्हणाली. "जा ना आता."

आवाज थांबला.

"तो गेला तं पाय जाईन," उद्धवराव महाराजांच्या कानाशी पुटपुटले.

"अन् नाई गेला तं तो लटकून राहीन. तुमी मोठे हा. तुमीच जा म्हना त्याले."

उद्धवरावांनी तोंड उघडलं. कावळे पुढे सरकले... एक पाऊल.

भर उन्हात पायाखालचा दगड गार पडला होता.

"राह्य," उद्धवराव म्हणाले. "राह्य बापू. मी लय थकलो."

कावळे उडाले. पिंड तसाच राहिला.

पाय आजही धड आहे. फक्त संध्याकाळी शेतातून येताना तो मालनबाईच्या अंगणाकडे वळतो. उद्धवराव मान खाली घालून उभे राहतात. ती तांब्या घेऊन येते आणि पाणी ओतते... एकाच पायावर.

उजवा कोरडाच.

थोरला दीर रोज विधवेच्या अंगणात! गाव बोलायला लागलं. आम्ही त्या बाजूनं जात नाही. गेलोच तर खाली बघत नाही.

शेवटी उद्धवरावांनी मंडल कचेरीत दरखास्त दिली. कारकून वाचून हसला. मग टकटक ऐकून टेबलाखाली वाकला... आणि स्वतःचे दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसला.

दरखास्त अजून तिथंच पडून आहे:

"सबब, चंपत वल्द नागोराव याची मयत नोंद दुरुस्त करून त्यास अर्जदाराच्या डाव्या गुडघ्याखाली हयात धरावे, व त्यास स्वतःच्या घरी जाण्यास कोणी हरकत घेऊ नये असा हुकूम व्हावा, ही विनंती."