उंटापुढचं प्यादं

डोंगरातल्या नारीन गावच्या सांस्कृतिक भवनात कोळशाची शेगडी धुमसत होती. बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत गणिताचा मास्तर कुबात याच्यासमोर असानकुलदादा बसले होते. उभा जन्म घाटात बस चालवलेला माणूस. अजिंक्यपद हवं तर कुबातला आज जिंकणंच भाग होतं.

"मास्तर, हरलात तर पोरांवर राग काढू नका हं," म्हणत दादांनी राजापुढचं प्यादं ढकललं आणि लगेच पुढच्या चालीला उंटापुढचं प्यादं फुकट देऊ केलं.

जुना, धाडसी डाव. कुबातने प्यादं मारलं. लाकूड हाताला कोमट लागलं.

दादा खिडकीबाहेर बघत होते. "ही नदी कोणती हो?"

कुबात हसला. दादांचं घर त्याच नदीच्या काठावर होतं.

मग दादांनी घोडा मारात तसाच सोडला. कुबातने तोही टिपला. नुकत्याच अंगातून काढलेल्या सदऱ्यासारखा उबदार.

दादांची बायको किटली घेऊन आली. दादा अदबीने उठले. "बाई, कुणाला शोधताय?"

तिचा चेहरा उतरला. ती कुबातकडे वळली. "भाऊ, यांना बरं नाहीये. बरोबरी करून टाका ना."

"तसं त्यांनी सांगायला हवं," पंच म्हणाले. "काय दादा, थांबायचं?"

"छे, छान चाललंय." दादांनी उंट थेट कुबातच्या राजाला भिडवला.

उंट न मारता राजा बाजूला नेता आला असता. बरोबरीही मागता आली असती. कुबातला दोन्ही दिसत होतं. बाई अजून त्याच्याकडेच बघत होती. त्याचे कान तापले.

मान वर न करता त्याने उंट मारला.

दादा पटाकडे बघत राहिले. हात मांडीवर.

त्यांचं घड्याळ चालू होतं. 'दादा, वेळ जातोय,' एवढंच म्हणायचं होतं. कुबात म्हणाला नाही.

दादांची वेळ संपली.

टाळ्या पडल्या. कुणीतरी पाठ थोपटली. कुबातला तोंड कुठे लपवावं कळेना.

बाईने नवऱ्याला त्यांचा नेहमीचा चहा दिला. त्यांनी तो हुंगून बाजूला सारला. मग तिने निमूटपणे दुसरा पेला कुबातपुढे धरला. दुधाचा, मीठ घातलेला. लहानपणापासून त्याला त्या चहाची शिसारी यायची. पण आता तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याने घोट घेतला.

"मीठ कमी पडलंय, उरकुया," तो म्हणाला.

बाईने हळूच वर पाहिलं. उरकुया हे तिचं नाव त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.