नवव्या बेडची नाडी

बेड नऊवरचे आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते, आणि नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर त्यांची नाडी एकशे ऐंशीने धावत होती.

गोजरा सिस्टर इंजेक्शन घेऊन धावल्या. टोचायच्या आधी सवयीने त्यांनी मनगट धरलं. नाडी शांत! मग धडधडतंय कोण? त्या वॉर्डभर फिरल्या, तेव्हा बेड चारवरची बाई घामाने डबडबलेली सापडली. पडद्यावर तिच्या चौकटीत मात्र मघाचाच आकडा होता. बहात्तर. अगदी सुखाचा.

बाई वाचली. पण घणसोलीच्या त्या हॉस्पिटलने पडदा बनवणाऱ्या कंपनीला सरळ सुनावलं, तुमचं कुणीतरी आमच्या यंत्रात खोड्या करतंय.

कंपनी महाप्यात. मालकीण मंजुषा राजे. दुसऱ्या दिवशी तिने सानपाड्याहून जयमाला परुळेकरांना बोलावून घेतलं. जयमालाबाईंचं आयुष्य संगणकाच्या पोटातल्या भानगडी शोधण्यात गेलेलं. स्वभाव संशयी, आणि त्याचं त्यांना कौतुकच जास्त.

“चोर सापडलाय,” मंजुषा म्हणाली. “कसं केलं तेवढं सांग. संध्याकाळी पोलीस कम्प्लेंट द्यायचीय.”

“चोर सापडलाय तर मला कशाला बोलावलंस?”

चोर म्हणजे रुतिका मढवी, तळवलीची. पडद्यावर आकडे दाखवणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. आकडे याआधीही एकदोनदा सरकले होते, तेव्हा ती टेक्निकल हेड श्यामसुंदरशी सगळ्यांसमोर भांडली होती. आणि खरा पुरावा पुढेच होता.

“तसंच मशीन लॅबमध्ये लावलंय,” श्यामसुंदर म्हणाला. माणूस गोड बोलणारा, शर्टाची इस्त्री कडक. “दुसरं कुणी बसलं की आकडे सरकतात. रुतिका बसली की एकदाही नाही. मॅडम, जिला थांबवता येतं तीच करते. सिंपल आहे.”

सिंपल गोष्टी जयमालाबाईंना सोसत नसत. पण हे कोडं होतं खरं. पोरगी बसली की भूत पळतं, म्हणजे काय?

त्यांनी रुतिकाला समोर बसवलं. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ.

“भांडण कशावरून? पगार?”

“नाय मॅडम. मी बोलले, चूक माझ्या प्रोग्राममध्ये नाय, खाली कर्नलमध्ये बघा. सर भडकले.”

“कर्नलच का?”

“प्रत्येक बेडचा प्रोग्राम वेगळा चालतो. एकाला दुसऱ्याच्या मेमरीत हातच घालता येत नाय. मेमरीतली जागा वाटतो तो कर्नल. चारचा आकडा नऊमध्ये गेला, तर वाटणाराच चुकला ना?”

“किंवा तू घातलास.”

“मग खोटा आकडा घातला असता! चारचा खराखुरा आकडा मी कुठून आणू?” तिचा आवाज फाटला. “आमच्या आळीत सगळ्यांना कळलंय. पोलीस दारात आले तर माझी आई बाजारात टोपली घेऊन बसणार कशी? बायजाची पोर चोर, असंच बोलतील.”

जयमालाबाईंनी काही कबूल केलं नाही. रडणारे सगळेच निर्दोष नसतात, हे त्या पुरतं जाणून होत्या.

मग वरद. कर्नलची रोजची कामं हाच बघायचा. संशय त्याच्यावरही घ्यायला हरकत नव्हती, तो सारखी नखं खात होता.

“जुन्या मशीनवर असं झालंय?”

“नाही. त्यात एकच कोअर आहे, म्हणजे काम करणारा मेंदू एकच. नव्यात दोन.”

“लॅबमध्ये रुतिकाची पाळी आणि बाकीच्यांची पाळी, फरक काय?”

“काहीच नाही. फक्त ती बसली की आम्ही लॉग चालू ठेवतो. म्हणजे कर्नलचं प्रत्येक पाऊल लिहिलं जातं. सर म्हणाले, पुरावा राहील.”

“आणि बाकीच्यांच्या वेळी?”

“तेव्हा कशाला? लॉगने मशीन स्लो होतं.”

जयमालाबाई श्यामसुंदरकडे वळल्या. “नवं मशीन आधीपासून इतकं फास्ट होतं?”

“छे! राउंडच्या वेळी डॉक्टर सगळ्या पेशंटचे ग्राफ एकदम उघडायचे, मेमरी पुरायची नाही, पडदा अडकायचा. मी बसून सोडवलं. मंजुषाताईंना विचारा, पार्टी दिली होती त्यांनी.”

“अजून कुठे बसवलंय हे?”

“सानपाड्याला, एका नर्सिंग होममध्ये. तिथे सगळं ओके आहे. कारण रुतिका तिथे जात नाही.”

जयमालाबाईंनी तिथेच फोन लावला. पलीकडच्या सिस्टर म्हणाल्या, “चूकबिक काही नाही हो. पण पडदा परत अडकायला लागलाय. गेल्या आठवड्यात तुमचे सर काहीतरी करून गेले ना, तेव्हापासून. त्यांच्या चकरा असतातच, वडील ॲडमिट आहेत त्यांचे.”

बाईंनी फोन ठेवला. बेड नऊची भानगड झाली होती काल. चेहऱ्यावर काही न दाखवता त्या म्हणाल्या, “सगळे लॅबमध्ये चला.”

त्यांनी रुतिकाला मशीनसमोर बसवलं. “दोन्ही हात टेबलावर. कीबोर्ड वरदकडे दे. वरद, लॉग बंद कर आणि सगळे ग्राफ उघड.”

“लॉग बंद नको,” श्यामसुंदर पटकन म्हणाला.

“का हो? पकडायचंय ना तिला?”

ग्राफ उघडत गेले. थोडा वेळ काही नाही. मग चारचा आकडा टुणकन नऊच्या चौकटीत. रुतिकाचे हात टेबलावरच होते.

“आता ऊठ. लॉग चालू. खुर्ची रिकामी.”

चहा आला, पिऊन झाला. एकही आकडा हलला नाही.

“भूत रुतिकाला घाबरत नव्हतं, मंजुषा,” जयमालाबाई म्हणाल्या. “ते लॉगला घाबरतं.”

“मला कळेल असं सांग.”

“तुझा फ्लॅट भाड्याने आहे. भाडेकरूला तू दुसऱ्या फ्लॅटमध्ये हलवलंस, जुना फ्लॅट नव्या माणसाला दिलास. पण जुन्याची डुप्लिकेट चावी कामवालीकडेच राहिली. तिला कुणी सांगितलंच नाही. ती नेहमीसारखी येते, दार उघडते आणि पहिल्या भाडेकरूची भाजी नव्याच्या फ्रीजमध्ये ठेवून जाते. मेमरी कमी पडली की कर्नल असंच सामान हलवतो. जागा दुसऱ्याला द्यायच्या आधी त्याने दुसऱ्या कोअरला सांगायचं असतं, जुना पत्ता विसर. आणि ‘विसरलो’ असं उत्तर येईपर्यंत थांबायचं. इथे कुणीतरी ते थांबणं काढून टाकलंय. पत्ते सावकाश, पुढच्या फेरीला पुसू, असं ठरवलं. मधल्या क्षणात दुसरा कोअर चारचा ताजा आकडा नऊच्या जागेत लिहून मोकळा. चारच्या नव्या जागेत शिळा बहात्तर तसाच.”

“आणि लॉग?”

“लिहायला वेळ लागतो. तेवढ्यात पत्ते पुसले जातात, चूक दिसत नाही. एक कोअर असला तर विसरायला दुसरा कुणी नाहीच. म्हणून जुनी मशीन शहाणी.”

वरद पांढराफटक पडला. “मी नाही काढलं, मॅडम!”

“माहितेय. तुला कळलं असतं तर लॉगचं असं भाबडेपणाने सांगितलं नसतंस. पडदा फास्ट केला श्यामसुंदरने. लॉग फक्त रुतिकाच्या पाळीला, हा हुकूमही त्याचाच. पण एवढ्याने मी त्याला मूर्ख म्हटलं असतं, गुन्हेगार नाही. सानपाड्याच्या मशीनचा एक कोअर तुम्ही गेल्या आठवड्यात बंद केलात, श्यामसुंदर. म्हणून तो पडदा परत अडकतोय. आजार तुम्हाला आधीच ठाऊक होता. औषध दिलंत फक्त स्वतःच्या वडिलांच्या वॉर्डला.”

श्यामसुंदरने घाम पुसला. “सगळीकडे बंद केलं असतं तर ताईंनी विचारलं असतं, फास्टचं काय झालं? मी दुरुस्त करणारच होतो. थोडा वेळ हवा होता.”

“आणि तोवर ही पोरगी?”

मंजुषा रुतिकाकडे वळली. “रुतिका, मी... सॉरी गं.”

“घणसोलीचं मशीन अजून चालू हाय,” रुतिका म्हणाली. “राउंड आताच सुरू होईल. आधी त्यांना सांगा.”

“थांब,” मंजुषा म्हणाली, “आधी वकिलाशी बोलू दे. आपण चूक कबूल केली तर...”

रुतिका थांबली नाही. तिने स्वतःच्या मोबाइलवरून वॉर्डचा नंबर लावला.

“गोजरा सिस्टर, मी रुतिका बोलते. पडद्यावर विश्वास ठेवू नका. चूक आमचीच आहे. प्रत्येकाची नाडी हाताने बघा.”

“अगं, तुलाच पकडलंय म्हणत होते ना?” सिस्टरचा आवाज अख्ख्या लॅबला ऐकू आला.

“म्हणत होते. तुम्ही आधी बेड चारपाशी जा, मी फोन धरून ठेवते.”